रिकाम्या गाडीचं माप

"पाटे आणि शॉकअप कधी वेगवेगळे आणू नकोस. दोघांना शेजारी-शेजारी ठेव, नीट बघ, आणि मगच जोडी लाव. पाटा हट्टी असेल तर शॉकअप समजूतदार पाहिजे. नाहीतर गाडी रस्त्यावर नांदायची नाही."

दादांचं हे सांगणं जीपखालून आलं होतं. त्यांची महत्त्वाची वाक्यं जीपखालूनच येत. बाहेर नुसते दोन पाय दिसत, आणि ऐकणाऱ्यानं त्या पायांकडे बघून मान डोलवायची असे. त्यांचे धाकटे भाऊ नाना तेव्हा पाना धरून शेजारी उभे होते. नात्यातल्या कुणाचं तरी जमवायचं चाललंय अशा समजुतीनं ते म्हणाले होते, "खरं आहे. घाई नको."

आता दादा नव्हते. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. जीप नानांच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी असे, आणि तीही चालकाच्या बाजूला कललेली. फार नाही, थोडीशीच. कुणीतरी आत बसून, कोपर खिडकीवर टेकवून, "निघायचं का?" म्हणून वाट बघत असावं, इतकीच.

त्याला कारण होतं. चाकांच्या आसावर लोखंडी पट्ट्यांची चळत असते, तिला पाटे म्हणतात. गाडीचं सगळं ओझं त्यांच्यावर. दादा अंगानं भरभक्कम, त्यामुळे त्यांच्या बाजूचे पाटे आयुष्यभर वाकून वाकून तसेच राहिले होते. माणूस गेला तरी त्याची बसकण राहिली. कारण अगदी सरळ होतं, तरी नानींनी त्या शेडमधून सरपण आणणं बंद केलं होतं.

नानांना कललेल्या वस्तूचा राग होता. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची हयात गेली. दुकानदाराच्या रिकाम्या तराजूचा काटा मधोमध उभा आहे की नाही, एवढं एकच सत्य त्यांनी जन्मभर तपासलं होतं. "रिकामा असताना जो सरळ, तो भरल्यावरही सरळ," असं ते म्हणत. लोकांच्या घरी भिंतीवरच्या तसबिरी ते न विचारता सरळ करत. एकदा व्याह्यांकडचं वाकडं घड्याळ त्यांनी सरळ केलं, ते त्या क्षणी बंद पडलं आणि पुन्हा चाललं नाही. व्याही अजून त्या घड्याळाची आठवण काढतात. वेळेसाठी नाही, नानांची करणी म्हणून.

पण ही जीप सरळ करायची निकड निराळीच होती. दादांची बायको, म्हणजे नानांची वहिनी, डोंगरावरच्या घरात एकटी राहत असे. मध्यंतरी पायरीवरून घसरून तिच्या मणक्याला चीर गेली. डॉक्टर चालत वर जाऊन बघून आले आणि म्हणाले, "हाड धरू द्या. मग पट्टा बांधून, बसवून खाली दवाखान्यात आणा. नीट जुळलं असेल तर चालतील. पण वाटेत धक्का नको. एकदा मणका सरकला की मग अंथरूण."

रुग्णवाहिकेवाला पहिल्या वळणापर्यंत गेला, पुढचा रस्ता बघून खाली उतरला आणि म्हणाला, "हा रस्ता नव्हे, हे दगडांचं संमेलन आहे." डोलीतून आणू म्हटलं, तर वहिनीनं फोनवरच ठणकावलं, "मला चौघांच्या खांद्यावरून इतक्यात जायचं नाही."

तेव्हा नाना बोलून गेले, "मी आणतो. दादाच्या जीपमधून. पाण्याचा थेंब हलणार नाही."

नानी नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. संसारात इतकी वर्षं काढलेल्या बाईची ती नजर होती.

गॅरेजवाल्याला सगळे वैद्यबुवा म्हणत, कारण तो रबरी नळी कानाला लावून गाडीची छाती तपासे. त्याला गाड्यांतलं कळत नव्हतं असं नाही. पण चूक सांगतानाही तो बरोबर सांगितल्याइतक्याच ठामपणे सांगे, त्यामुळे ऐकणाऱ्याला निवड करता येत नसे.

"पाटे थकलेत," तो म्हणाला. "नवे जाड घालतो."

"आणि शॉकअप?" नानांनी विचारलं. शॉकअप म्हणजे तेलानं भरलेल्या त्या नळ्या. पाटा उसळला की त्याला धरून शांत करणं हे त्यांचं काम.

"ते ठणठणीत आहेत. चांगली वस्तू फेकायची कशाला?"

नानांच्या कानात जीपखालचा आवाज घुमला. पण चांगली वस्तू फेकू नये हेही दादांचंच मत होतं. नानांनी मान डोलवली. वैद्यबुवानं दोन्ही बाजूंना जाड पाटे घातले, पट्ट्यांमध्ये सढळ हातानं ग्रीस भरलं, आणि नानांनी घरून आणलेल्या पाणसळीनं रिकाम्या जीपची पातळी तपासली. बुडबुडा बरोबर मधोमध आला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच नानांना आपण सरकारी माणूस असल्यासारखं वाटलं.

दुपारी, जीप घरी आल्यावर, एक कावळा बॉनेटवर बसला आणि उडून गेला. वारा नव्हता. जीप वर-खाली हलू लागली आणि हलतच राहिली.

शेजारचे हेडमास्तर कुंपणावरून वाकून बघत होते. "नाना, आत कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग ती 'हो, हो' का म्हणतेय?"

खरोखरच जीप मान डोलवत होती. हेडमास्तरांना अशा वेळी गप्प बसता येत नसे. गमतीनं त्यांनी जीपलाच विचारलं, "कुणी आहे का आत?"

जीप हो म्हणाली. सावकाश, विचार करून, पुन्हा हो.

"पाटे जाड, शॉकअप मऊ," नाना घसा खाकरून म्हणाले. "उसळी आवरली जात नाही. पदार्थविज्ञान आहे हे."

"मी तीस वर्षं पदार्थविज्ञानच शिकवलं," हेडमास्तर म्हणाले आणि कुंपणापासून दोन पावलं मागे सरकले. "माझा सल्ला विचाराल तर, जे कुणी आहे त्याला मान देऊन उतरवा. दुखवू नका."

वैद्यबुवाला बोलावणं गेलं. त्यानं नळी लावली, डोळे मिटले आणि जुनं निदान आपण केलंच नव्हतं अशा सुरात सांगितलं, "शॉकअप मेलेत. ट्रकचे कडक घालू. उसळायची छातीच होणार नाही गाडीची."

ती झाली नाही. उसळी बंद झाली. नाना आनंदानं तिला गावाबाहेरच्या खडकाळ वाटेवर घेऊन गेले. पहिल्या खड्ड्यात जीप दबली. वर यायच्या आत दुसरा खड्डा आला, ती आणखी दबली. शॉकअप इतके कडक की पाट्यांना पुन्हा ताठ व्हायला सवडच देईनात. प्रत्येक खड्ड्याला गाडी खाली, आणखी खाली जात राहिली, जणू वाटेत एकेक जण हात दाखवत होता आणि चढत होता. नानांनी आरशात बघायचं टाळलं. मागची सीट रिकामी आहे हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा तपासू नये, असं त्यांना आयुष्यात प्रथमच वाटलं.

घरी पोचेपर्यंत जीपचं पोट जमिनीला टेकायला आलं होतं. नाना उतरले. मग शेडमध्ये, भर उजेडात, कुणी हात न लावता, जीप उठू लागली. आधी मागून जराशी. थांबली. मग पुढून. मध्येच तेलाच्या नळीतून श्वास टाकल्यासारखा आवाज येई, की पुन्हा थोडी वर.

नानी शेडचं दार धरून उभ्या होत्या. त्या दार सोडेनात.

"अगं, बंद कर की."

"सगळे उतरले का?" नानींनी हळूच विचारलं.

नानांनी "काहीतरीच काय!" म्हटलं खरं. पण दार लावायच्या आधी तेही थोडे थांबले.

संध्याकाळी त्यांनी वहिनीला फोन लावला. पराभव कबूल करायचा नव्हता, म्हणून आधी हवापाण्याचं विचारलं.

"भाऊजी, गाडी होत नाही ना?" वहिनी म्हणाली.

"होतेय. बुडबुडा मधोमध आहे. रिकामी असताना अगदी..."

"रिकामी?" वहिनी म्हणाली. "अहो, हे रिकाम्या गाडीचं माप कधी घेत नसत. मला आत बसवायचे. मी तिथं बसून विणकाम करायची, भाजी निवडायची, आणि हे खाली पाटे काढायचे, घालायचे. 'रस्त्यावर गाडी रिकामी असते का कधी? कोण बसणार ते बघून माप घ्यावं,' म्हणायचे."

नाना फोन ठेवून खुर्चीत बसले. जन्मभर जपलेला काटा कुणीतरी बोटानं ढकलला होता. तराजू रिकामा असताना सरळ हवा. गाडी भरल्यावर सरळ हवी. एवढीशी गोष्ट. व्याह्यांचं घड्याळ त्यांना पुन्हा आठवलं.

वहिनीच्या वजनाचं कुणीतरी पुढच्या सीटवर बसवायला हवं होतं. पण थोरल्या भावजयीला वजन विचारायचं कसं? "तू बसतेस का?" त्यांनी नानींना विचारलं.

"त्या गाडीत? मी? आणि तुम्हाला कधी माझं वजन माहीत होतं?"

"अंदाज आहे."

"सांगा बरं."

"मी खात्यातून निवृत्त झालोय," नाना घाईनं म्हणाले.

शेवटी गोणी भरली. वाळूची. वहिनीच्या बांध्याचा नजरेनं अंदाज घेऊन नानांनी एक मोठी गोणी सीटवर ठेवली, वर एक लहान. ती घरंगळायला लागली म्हणून दोरीनं सीटला बांधली. दोरी विचित्र दिसते म्हणून नानींनी जुनी शाल गुंडाळली. वरच्या गोणीला रुमाल बांधला, तो मात्र कुणी बांधला यावर दोघांचं अजून एकमत नाही.

शाल गुंडाळल्यावर मात्र दोघंही आपोआप हळू बोलू लागले. वैद्यबुवा आला तोही, "नमस्कार, वहिनी," म्हणाला आणि गाडीखाली शिरला. कुणी त्याला दुरुस्त केलं नाही.

त्या दिवशी त्याचा हात मात्र नीट चालला. नाना चालकाच्या जागी, शाल शेजारी. त्यानं दोन्हीकडची एकेक पट्टी कमी केली, ग्रीस पुसलं, ट्रकचे शॉकअप काढून मधल्या ताकदीचे आणले, पाट्याशेजारी ठेवले, बघितले, बदलले, पुन्हा बघितले. मग समोरचा बंपर दाबून सोडला. जीप वर आली आणि थांबली. एकदाच. पुन्हा हलली नाही. पाणसळीचा बुडबुडा मधोमध उभा राहिला.

"मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो," वैद्यबुवा म्हणाला.

आता परवाना. पाटे बदलून गाडी बोटभर उंच झाली होती, आणि उंची बदललेली गाडी परवान्याशिवाय चालवू नये असा नियम होता. नियम मोडायचा विचारही नानांना शिवला नाही. ते तसेच, माप बिघडू नये म्हणून शालीसकट, कचेरीत गेले. जीप अंगणात झाडाखाली लावली. जाळीच्या खिडकीमागे परवाना-साहेब बसले होते.

"आपण गाडीचे कोण?"

"मी वजनमापे खात्याचा निवृत्त..."

"गाडीचे कोण?"

नानांनी विचार केला. गाडी दादाची. आता वहिनीची. "दीर," ते म्हणाले.

"मालकाची संमती?"

"मालक वारले. मालकीणबाई डोंगरावर आहेत."

"त्यांना इथं आणा."

"आणायलाच गाडी हवी."

"गाडीला परवाना नाही."

"परवान्यासाठीच आलोय."

"मग मालकीणबाईंना आणा."

असं ते बराच वेळ चाललं. दोघांपैकी कुणाचाच आवाज चढला नाही, कारण दोघंही सरकारी होते. मग साहेबांची नजर नानांच्या खांद्यावरून अंगणात गेली.

"अहो, त्या बसल्यात की गाडीत! आधी सांगायचं नाही का? आजारी दिसतात. राहू द्या, मीच जातो." आणि नानांच्या तोंडातून शब्द निघायच्या आत साहेब कागद घेऊन झाडाखाली पोचले.

नानांनी खिडकीतून बघितलं. साहेब वाकले. काहीतरी विचारलं. ऐकल्यासारखं थांबले. मान हलवली, आणखी काही विचारलं, आणि अदबीनं दोन पावलं मागे येऊन परतले. कागदावर त्यांनी शिक्का मारला.

"तोंडी संमती चालते आम्हाला," साहेब म्हणाले. "बाईंचा आवाज घोगरा आहे हो फार. सर्दी झालीय का?"

नानांनी कागद घ्यायला हात पुढे केला. पण खोट्या मापावर शिक्का घेणं त्यांना जमणारं नव्हतं. "साहेब," ते म्हणाले, "ती वाळू आहे."

साहेबांनी त्यांच्याकडे नाराजीनं बघितलं. "घरच्या माणसाबद्दल असं बोलू नये. इतकी काळजी आहे त्यांना तुमची. म्हणाल्या, 'त्याला सांगा, उतारावर ब्रेकवर नाचू नकोस, गिअरमध्ये धर.'"

हे दादांचं वाक्य होतं. ते जीपखालून आलेलं नव्हतं, शेजारच्या सीटवरून आलेलं होतं. नाना गाडी शिकत होते तेव्हाचं. ते कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

परवाना खिशात घालून नाना जीपजवळ आले. शाल होती तशी होती. त्यांनी दार उघडलं, बसले, समोर बघून म्हणाले, "गिअरमध्येच धरतो," आणि तिथून निघाले. माणसानं भ्यायचं ते कुठवर? रस्ता तपासायचा राहिलाच होता.

डोंगराची वाट त्यांनी त्याच दुपारी पार केली. दगड आले, घळी आल्या, एका ठिकाणी तर वाट तिरकी होऊन ओढ्याकडे झुकत होती. जीप प्रत्येक धक्का आत घेई, एकदा दबे, एकदा वर येई आणि गप्प होई. वहिनीच्या घराचं फाटक दिसलं तिथून नानांनी गाडी वळवली. डॉक्टरांच्या तपासणीची वेळ दुसऱ्या दिवशीची होती, आणि वाळूच्या वहिनीला घेऊन खऱ्या वहिनीच्या दारात जाणं बरं दिसलं नसतं. वळताना गाडी थोडी अडली. चाक दगडात गुंतलं असेल. पण इंजिन बंद न पडता, कुणी हट्टानं पाय रोवून धरावी तशी ती अडली, आणि मग नाइलाज झाल्यासारखी वळली.

खाली पोचल्यावर त्यांनी पाणसळ बघितली. बुडबुडा मधोमध. त्यांना भरून आलं. गोणी सोडायला त्यांनी शाल उचलली.

शालीखाली काही नव्हतं. दोन्ही गोण्या चपट्या होऊन सीटवर पडल्या होत्या. सीटखालच्या पत्र्याला गंज खाऊन भोक पडलं होतं, आणि दोन्ही गोण्यांच्या शिवणी उसवून वाळू नेमकी तिथूनच गळली होती. मागे वाटेवर वाळूची बारीक रेघ दिसत होती. नाना पायी मागे चालत गेले. रेघ पहिल्या चढापाशीच संपली होती. म्हणजे डोंगर चढायच्या आधीच सगळी वाळू सांडून गेली होती.

ते परत आले. चालकाच्या जागी बसले. शेजारची सीट रिकामी. त्यांच्या एकट्याच्या वजनानं जीप त्यांच्या बाजूला कलायला हवी होती. पाणसळीचं माप त्यांनी जन्मभर वाचलं होतं. बुडबुडा मधोमध उभा होता, जराही ढळत नव्हता.

"अहो, काय झालं?" घरी आल्यावर नानींनी विचारलं.

"गाडी तयार आहे," नाना म्हणाले. दुसरं काही सांगितलं नाही. नानींनी विचारलंही नाही. त्यांनी फक्त दोन पेले चहा केला, शेडकडे एकदा बघितलं, आणि तिसरा पेला घेतला, तो परत ठेवला.

वहिनीचा फोन रात्र पडायच्या आत आला. पट्टा बांधून झालाय, शेजारची बाई सकाळी मदतीला येणार आहे, असं सगळं सांगून झालं, तरी ती फोन ठेवेना.

"भाऊजी, एक विचारू?"

"विचार की."

"तपासून झालं, की मला परत वर आणून सोडाल ना? तिथंच ठेवून नाही घेणार?"

"असं का म्हणतेस?"

"हे खाली निघाले त्या दिवशी, 'संध्याकाळी येतो' म्हणाले होते." वहिनीचा आवाज शांत होता. "मी दिवा लावून बसले होते. खालीच गेले ते, दवाखान्यात. तुम्ही त्यांना तिथूनच पुढे स्मशानात नेलंत. गाडीही तुमच्याकडेच राहिली. मी रागावले नाही हो. पण अजून संध्याकाळ झाली, की मी रस्त्याकडे बघते."

वर्षभर शेडमध्ये, खिडकीवर कोपर टेकवल्यासारखी कललेली जीप त्यांच्या डोळ्यांपुढे आली. आणि आज दुपारी, फाटक दिसत असताना, आपण ती वळवून आणली.

"संध्याकाळी परत आणतो," ते म्हणाले. "वचन."

सकाळी उजाडल्या-उजाडल्या त्यांनी शेड उघडली. हेडमास्तर अजून उठले नव्हते, सल्ला द्यायला कुणी नव्हतं. नानांनी सीट झटकली, उरलीसुरली वाळू पुसून काढली, गंजलेल्या भोकावर पत्र्याचा तुकडा बसवला आणि शेजारच्या जागेवर उशी ठेवली. मग त्या बाजूचं दार उघडून धरलं. पाहुण्यापुढे धरतात तसं.

"दादा," ते हळूच म्हणाले. "येताना इथं वहिनी बसणार. तिला धक्का नकोय. तू मागे बस."

काही झालं नाही. झाडावर एक पाखरू बोललं. मग जीप किंचित हलली. पुढची बाजू उचलल्यासारखी झाली, आणि मागची बाजू खाली आली. एकदाच. लगेच स्थिर झाली.

नानांनी दार लावलं, चालकाच्या जागी बसले आणि इंजिन चालू केलं. हॉर्न वाजवला नाही. नानी फाटक उघडून उभ्या होत्या. जीप बाहेर पडली, तेव्हा त्यांनी आधी नानांकडे बघून मान हलवली, आणि मग मागच्या सीटकडे बघून डोक्यावरचा पदर सारखा केला.